आखडता घेतलेला पाय

तपासणीच्या खुर्चीत मी टेकून बसले, डॉक्टरीणबाईंनी एक बसके स्टूल पुढे ओढले आणि काही कळायच्या आत माझी डावी टाच उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली. मी पाय असा काही झटकन मागे घेतला की शेजारच्या ट्रेमधले चिमटे खणखणले. ‘अहो, पायाला काय हात लावता!’ हे वाक्य तोंडातून निघून गेले होते आणि ते संपायच्या आत माझा उजवा हात पुढे होऊन, त्यांच्या गुडघ्याला लागून माझ्या डोळ्यांना टेकलाही होता. बाई साठीच्या पुढच्या, केस पूर्ण पांढरे, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. म्हणजे माझ्याहून निदान दहा वर्षांनी मोठ्या. त्यांनी हातमोजा सारखा केला आणि म्हणाल्या, ‘पहिल्या खेपेला बहुतेक सगळे असंच करतात. मी तेवढी दोन मिनिटं धरूनच चालते. झाला नमस्कार? आता द्या पाय.’ मी पाय दिला. पण त्या गोष्टीला आता तीन महिने होत आले, तरी तो मागे ओढलेला पाय काही डोक्यातून जात नाही. वेळ ठरवून, पैसे मोजून मी पाय दाखवायलाच गेले होते, आणि पाहण्यासाठी कोणी हात पुढे केला तर तो लपवायला बघत होते.

दुखणे तसे साधेच होते. सकाळी उठून पहिले पाऊल फरशीवर टेकवले की डाव्या टाचेत खिळा शिरल्यासारखी कळ यायची. भिंतीला धरत न्हाणीघरापर्यंत गेले की ती थोडी ओसरायची, चहा होईपर्यंत नाहीशी व्हायची, आणि त्यामुळे आपल्याला काही दुखणे आहे हे दिवसभर आठवायचेही नाही. संध्याकाळी शाळेतून येऊन तासभर बसले आणि उठले की पुन्हा तीच कळ. मी २९ वर्षे भूमिती शिकवते आहे, म्हणजे २९ वर्षे उभी आहे; एवढ्या उभे राहण्याचे काहीतरी देणे लागणारच, असे मी धरून चालले होते. तापवलेल्या विटेवर रुईचे पान ठेवून टाच शेकण्याचा उपाय शाळेतल्या शिपाईमावशींनी सांगितला. तो मी आठ दिवस इमानाने केला. गॅसवर वीट तापली की घरभर भाजक्या मातीचा वास सुटायचा, पान चुरचुरायचे, आणि एका पायाने विटेवर उभी असलेली मला पाहून नवरा म्हणायचा, ‘विठोबाला निदान दोन्ही पाय ठेवायला जागा होती.’ शेकताना छान वाटायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी खिळा जागच्या जागी असायचा.

मग एक्स-रे झाला. त्यात टाचेच्या हाडाला खालच्या बाजूने पुढे आलेले एक टोक दिसत होते, पोपटाच्या चोचीसारखे. ‘हाड वाढलंय’ हे दोन शब्द ज्या सहजपणे उच्चारले गेले, त्या सहजपणाने मी ते घरी आणू शकले नाही. हाड वाढणे म्हणजे ते वाढतच जाणार, उद्या कातडी फोडून बाहेर येणार, असले काहीतरी मनात बसले. गोळ्या आणल्या, त्या पोटाला झेपल्या नाहीत, म्हणून बंद केल्या. याच सुमारास एका पार्लरमध्ये पाय स्वच्छ करून घेतले, तिथल्या मुलीने अंगठ्याच्या नखाची कड आत शिरून कोरून काढली, आणि पंधरा दिवसांनी तिथे सुजून लालबुंद झाले. करंगळीवर कुरूप आधीपासून होतेच. अशी एकूण तीन दुखणी, एका वितीच्या जागेत.

आमचे बाबा तलाठी होते, त्यामुळे मला हे सातबाऱ्याच्या भाषेतच सुचते. आपल्याकडे पाय हे एकाच्या खात्यावरचे शेत नाही, त्याचे हिस्से पडलेले आहेत. टाच हाडांच्या डॉक्टरांच्या नावावर, कुरूप आणि बोटांमधल्या चिखल्या कातडीच्या डॉक्टरांच्या, जखम शुगरच्या डॉक्टरांच्या, भेगा पार्लरच्या, आणि वहाणेचा तुटलेला अंगठा चौकात बसणाऱ्या काकांच्या. जो तो आपल्या हिश्शापुरते पाहतो, बांधापलीकडे डोकावत नाही. माझी नणंद मेलबर्नला असते. तिच्याकडे फोनवर हे रडगाणे गायले, तेव्हा ती म्हणाली, ‘वहिनी, पोडियाट्रिस्टकडे का नाही जात?’ जणू काही कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत का नाही जात, असे विचारावे. तिकडे दातांच्या डॉक्टरांसारखे पायांचेही वेगळे शिक्षण आणि वेगळा व्यवसाय आहे. इकडे पुण्यात तशा पाट्या अजून शोधाव्या लागतात, आणि त्या सापडल्या तरी बहुधा मधुमेहाच्या दवाखान्याला जोडून असतात. शाळेत मी अर्ध्या दिवसाची रजा मागितली, तेव्हा मुख्याध्यापकांनी विचारले, ‘पायाचे डॉक्टर म्हणजे हाडाचेच ना?’ मी नाही म्हटले, आणि पुढे काय सांगावे ते सुचले नाही.

जाण्याच्या आदल्या रात्री मी न्हाणीघरात पाटावर बसून अर्धा तास टाचा वजरीने घासल्या. नखे कापली, त्यांना फिका गुलाबी रंग लावला. कामवाल्या मावशी येण्याआधी भांडी विसळून ठेवणाऱ्या बायकांपैकी मी एक. दवाखान्यात पोचल्यावर मदतनीस मुलीने पहिले काय केले असेल, तर माझ्या हातात कापूस आणि रंग पुसायची बाटली दिली. ‘मॅडमना नखाचा खरा रंग बघायचा असतो,’ ती म्हणाली. शिवाय रोजच्या वापरातल्या चपला न धुता घेऊन या, असे फोनवर बजावलेले होते. त्यामुळे कापडी पिशवीत तीन जोड घेऊन मी त्या गारेगार खोलीत बसले होते, आणि पिशवीतून रबराचा नि घामाचा मिश्र वास येतो आहे असे मला सारखे वाटत होते.

पायाआधी त्यांनी चपलाच पाहिल्या. घरातल्या सपाता उजेडात तिरक्या धरून त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि मग मला जवळ बोलावले. चार वर्षे मी त्या सपाता घालते आहे, पण बोटांखाली पाच खळगे पडले आहेत हे मी कधी पाहिले नव्हते. भाकरी थापताना बोटे रुतावीत तसे पाच खळगे, करंगळीचा सगळ्यांत खोल. ‘मागे पट्टा नाही ना,’ त्या म्हणाल्या, ‘म्हणून तुमची बोटं दिवसभर चप्पल धरून ठेवतात. तुम्ही भाजी चिरत असलात तरी ती राबतायत.’ मला एकदम त्या बोटांविषयी ओशाळल्यासारखे झाले. दुसरा जोड शाळेचा, टोकाकडे निमुळता, दिसायला बरा. त्याचा तळ त्यांनी एका कागदावर ठेवून पेन्सिलीने गिरवला, त्याच कागदावर मला उभे करून माझे पाऊल गिरवले. पाऊल चपलेच्या बाहेर दोन्ही बाजूंनी चांगले बोटभर सांडत होते. २९ वर्षे आकृत्या काढणाऱ्या बाईला ही आकृती काढावीशी वाटली नव्हती. चप्पल संध्याकाळी घ्यावी, कारण तोवर पाय थोडे सुजलेले असतात. उभे राहून माप द्यावे. दोन्ही पाय सारखे नसतात, तेव्हा मोठ्या पायाचे माप धरावे. आणि सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहावी, एवढे त्यांनी बोलता बोलता सांगितले. मी आजवर चपला घेतल्या त्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर, स्टुलावर बसून आणि ‘वापरल्यावर सैल होतील’ या दुकानदाराच्या आश्वासनावर.

त्यानंतर ठसा. एका रबरी चटईच्या खालच्या अंगाला शाई लावलेली असते आणि तिच्याखाली कोरा कागद. वरून चालत गेले की जिथे भार जास्त, तिथे काळ्या रेघांची गर्दी उमटते. माझा ठसा पाहिला आणि मला राजापूरकडच्या आमच्या घरातल्या गौरी आठवल्या. तांदळाच्या पिठाच्या पाण्यात मुठीची कड बुडवून उंबऱ्यापासून माजघरापर्यंत पावले उमटवायची, आणि वर बोटाच्या टोकाने पाच पाच ठिपके द्यायचे, हे काम आम्हा मुलींचे. गौरीचे पाऊल मध्ये कसे नाजूक, जवळजवळ तुटलेले असायचे. माझे पाऊल कपड्यांच्या इस्त्रीसारखे अखंड होते. पण गौरीचे ते पाऊल मुळात हाताचे होते, हे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या लक्षात आले.

‘कमान बसलीय थोडी,’ डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांनी सांगाड्याचे एक पाऊल माझ्या हातात दिले, प्लॅस्टिकचे, पण चांगले जड. एका पावलात २६ हाडे. दोन्हींची मिळून ५२. म्हणजे शरीरातल्या २०६ हाडांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा त्या एवढ्याशा जागेत. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखालून एक जाड पट्टा गेलेला असतो, आणि तो पावलाची कमान ताणून धरतो. हे मला एका शब्दात कळले, कारण तो शब्द मी रोज फळ्यावर लिहिते. कमान म्हणजे कंस, आणि हा पट्टा म्हणजे त्याची जीवा. जीवा म्हणजे मुळात धनुष्याची दोरीच. रात्रभर आपण निजलेले असतो, पाऊल खाली कललेले असते, आणि ही दोरी आखडते. सकाळी पहिल्या पावलाला सगळा देह तिच्यावर येतो, आणि टाचेपाशी, जिथे ती हाडाला बांधलेली आहे, तिथे ओढ बसते. तो माझा खिळा. हाडाच्या चोचीचे काय, म्हणून मी विचारले. ‘असू द्या तिला,’ त्या म्हणाल्या. ‘अशी चोच असलेले कितीतरी लोक आयुष्यभर न दुखता चालतात, आणि चोच नसलेले लंगडत माझ्याकडे येतात.’ चार महिने उराशी बाळगलेली भीती दोन वाक्यांत गेली. सुटल्यासारखे वाटले, आणि चार महिन्यांपूर्वी हे कोणीच का सांगितले नाही, याचा थोडा रागही आला.

मग कुरूप काढले. त्यांनी डोक्यावरचा दिवा खाली ओढला, करंगळी दोन बोटांत धरली आणि पात्याने पापुद्रे सोलायला सुरुवात केली. पाते इतके आडवे धरलेले होते की ते कापत नव्हते, तासत होते. पांढरे, पिवळसर, मेणाच्या कपच्यांसारखे पापुद्रे निळ्या कागदावर पडत गेले. दुखत काहीच नव्हते. मेलेल्या कातडीला काय दुखणार? शेवटी मधला गर आला, खसखशीच्या दाण्याएवढा, जवळजवळ पारदर्शक. त्यांनी तो पात्याच्या टोकावर मला दाखवला. एवढ्याशा दाण्यापायी मी दोन दिवाळ्या चपला बदलल्या होत्या. कातडीवर एकाच जागी रोज दाब आला की ती स्वतःला वाचवायला जाड होते, आणि शेवटी त्या जाडीचाच खडा होऊन आत रुततो, असे त्या म्हणाल्या. चप्पल बदलली नाही तर तो पुन्हा येणार, हेही तितक्याच शांतपणे सांगितले. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या कुरूपाच्या पट्ट्यांत कातडी जाळणारे आम्ल असते. ज्यांना शुगर आहे त्यांनी त्या मुळीच लावू नयेत, हे मात्र त्यांनी दोनदा सांगितले. नखाच्या कडेशी त्यांनी कापसाची बारीक वात सरकवली आणि नखे सरळ कापत जा, कोपरे गोल करू नका, म्हणून बजावले.

या सगळ्या वेळात माझे पाऊल त्यांच्या मांडीवर होते.

खोली गार होती, त्यांचा तळहात मोज्यातूनही ऊबदार लागत होता, आणि मला एकाच वेळी गाढ झोप येत होती आणि रडूही येत होते. आपले पाऊल असे कोणी हातात धरले त्याला किती वर्षे झाली, याचा मी हिशेब करू लागले. आपण आयुष्यभर दुसऱ्यांच्या पायांना हात लावत असतो. पंढरपुरात पददर्शनाची रांग मुखदर्शनाच्या रांगेहून कितीतरी लांब असते, आणि त्या लाखो हातांनी पाषाणाचे पाय झिजतात म्हणून त्यांना वज्रलेप करावा लागतो. माझ्या लग्नात आईबाबांनी जावयाचे पाय धुतले. माझ्या बोटांत जोडवी चढवली गेली, पण ती चढवताना बोट घट्ट आहे की सैल याखेरीज कोणी पायाकडे पाहिले नाही. कोणाला चुकून पाय लागला तर आपण नमस्कार करतो, पुस्तकाला लागला तरी करतो. अशा लाखभर लहान लहान नमस्कारांतून एक गोष्ट मनात पक्की बसलेली असते की दुसऱ्याचा पाय पूज्य, आणि आपला मात्र कोणाला लागू नये असा. माझ्या पायाने झटका घेतला, तो भिडेपोटी नव्हता, हे मला त्या खुर्चीत उमगत गेले.

शेवटचे धरले असेल, तर आजीने. मे महिन्यात आम्ही गावी जायचो. दिवसभर जांभ्याच्या पाखाडीवरून अनवाणी धावून तळवे पेटलेले असायचे. रात्री आजी काशाच्या वाटीला तूप लावून माझे तळवे घासायची. वाटी फिरता फिरता तूप आधी करडे आणि मग काळे होत जायचे. ‘बघ किती उष्णता निघाली,’ ती म्हणायची. तो रंग काशाचा आणि तुपाचा, उष्णतेचा नव्हे, हे आता मला ठाऊक आहे. पण वाटीची ती गोल थंड कड टाचेवरून चवड्याकडे सरकायची आणि तिसऱ्या फेऱ्याला मी झोपलेली असायची, हेही तितकेच खरे आहे. तिचे स्वतःचे पाय मात्र वेगळीच गोष्ट होती. टाचांच्या भेगा इतक्या खोल की त्यांत लाल माती कायमची बसलेली. लावणीच्या दिवसांत महिनाभर चिखलात उभे राहून बोटांमध्ये चिखल्या व्हायच्या, तिथे ती मेंदीचा पाला वाटून लावायची, त्यामुळे तिच्या पायांची बोटे पावसाळाभर नवरीसारखी लाल असायची. भेगांवर कोकमाचे तेल. त्याचा घट्ट पिवळट गोळा दिव्यावर धरायचा आणि वितळून पडणारा थेंब भेगेत सोडायचा, हे काम माझे. थेंब पडला की तिची बोटे आत वळायची, पण ती हूं की चूं करायची नाही. हे मी डॉक्टरांना सांगितले, तेव्हा त्या हसल्या. तळव्याच्या कातडीत तेलाच्या ग्रंथीच नसतात, त्यामुळे तिला बाहेरून तेल देणे हे आजीचे बरोबरच होते, असे त्या म्हणाल्या. फक्त आधी जाड कड मऊ करून उतरवायची आणि तेल गरम घालायचे नाही. विशेषतः ज्याला गरम कळतच नाही, त्याला कधीच नाही.

ज्याला गरम कळतच नाही. हे म्हणत म्हणत त्यांनी खणातून पेनासारखे काहीतरी काढले. त्याच्या टोकाला एक नायलॉनचा तंतू होता, मासेमारीच्या गळाच्या दोरीसारखा. ‘डोळे मिटा. कुठेही टेकल्यासारखं वाटलं की हो म्हणा.’ हा तंतू १० ग्रॅम भार आला की वाकतो. तेवढा स्पर्श तळव्याला कळला पाहिजे. डोळे मिटून मी बसले. अंगठ्याखाली टेकला, हो. करंगळीखाली, हो. मध्ये बराच वेळ काहीच नाही, आणि मी घाबरले, तोवर पुन्हा टेकला, हो. नंतर १२८ हर्ट्‌झचा नादकाटा अंगठ्याच्या हाडावर ठेवला आणि त्याची थरथर कधी थांबली ते विचारले. सगळे ठीक होते. ‘तुमच्या घरात कोणाला शुगर?’ त्यांनी विचारले, आणि मी डोळे उघडले.

बाबांची गोष्ट आमच्याकडे खूप वर्षे विनोद म्हणून सांगितली जायची. १९९७ चा उन्हाळा. निवृत्तीनंतर त्यांना रोज संध्याकाळी दोन तास चालायचा नाद होता. एक दिवस ते आले, पडवीत बसून कॅनव्हासचा बूट काढला, आणि बुटातून टपकन एक चिंचोका जमिनीवर पडला. दोन तास ते चिंचोक्यावर चालले होते. मोज्याला भोक पडले होते आणि भोकाभोवती रुपयाएवढा लाल डाग होता. ‘मला काही कळलंच नाही!’ ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात कौतुक होते. आम्हीही हसलो. आयुष्यभर सजांतली गावे पायी तुडवलेला माणूस, त्याची कातडी गेंड्याची, असे धाकटा काका म्हणाला. पाहुणे आले की चिंचोक्याची गोष्ट व्हायची. त्यांना शुगर होऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती. जखम भरेना. मलमपट्टी करणाऱ्यांनी मलमपट्टी केली, गोळ्या देणाऱ्यांनी गोळ्या दिल्या. रोज रात्री तळवा पाहत जा, बूट घालण्याआधी उलटा करून झटकत जा, एवढे कोणी आम्हाला सांगितले नाही. गणपती आले तोवर बाबांच्या उजव्या पायाची दोन बोटे गेली होती. चिंचोक्याची गोष्ट त्यानंतर कोणी सांगितली नाही.

त्यांना मिळालेल्या चपला मला अजून दिसतात. जाड, काळ्या, मऊ रबराच्या, मागे पट्टा. बाबा त्यांना ‘रोग्याच्या चपला’ म्हणायचे आणि बाहेर जाताना कोल्हापुरी चढवायचे. तशा चपला पूर्वी कुष्ठरुग्णांच्या पायांत दिसत, हे त्यांना ठाऊक होते आणि तेच त्यांना बोचत होते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ साली आलेले डॉ. पॉल ब्रँड यांच्याविषयी मला या डॉक्टरांनीच सांगितले. कुष्ठरोगात बोटे आपोआप झडतात, असे तेव्हा मानत. ब्रँड यांनी दाखवले की रोगाने संवेदना जाते, मग भाजते, कापते, खडा रुतत राहतो आणि माणसाला कळत नाही. बोटे जातात ती त्या न कळण्याने. मऊ रबराच्या चपलांचे काम तिथूनच पुढे आले, आणि कुष्ठरोग्यांच्या पायांकडून शिकलेले पुढे मधुमेहींच्या पायांसाठी वापरले गेले. म्हणजे बाबा बोलले ते शब्दशः खरे होते. त्या रोग्याच्याच चपला होत्या, आणि त्या घातल्या असत्या तर बरे झाले असते. हे कळून मला काय वाटले, ते मला नीट सांगता येत नाही. राग कोणावर काढावा, हे कळेना. हसणाऱ्यांत मीही होते.

माझ्या टाचेचे म्हणाल तर ती आता पुष्कळ बरी आहे. उठण्याआधी पलंगावरच टॉवेलने चवडा अंगाकडे ओढून धरायचा, भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची, संध्याकाळी बर्फ झालेली पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवायची, घरात फरशीवर अनवाणी चालायचे नाही, चपलेत कमानीला आधार देणारा तळ घालायचा. काही महिने लागतील, कदाचित वर्षही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकले. देवघरापाशी चप्पल घालून जाता येत नाही, तेवढी चार पावले मी टाच उचलून चालते.

निघताना मी त्यांना आईविषयी विचारले. आई ७९ वर्षांची आहे, आमच्याकडेच असते, तिला शुगर होऊन अकरा वर्षे झाली. दवाखान्यात यायला ती तयार नाही. ‘तोवर घरी एक करून बघा,’ डॉक्टर म्हणाल्या. इंग्लंडमधल्या इप्सविच गावच्या रुग्णालयात ठरलेली पद्धत आहे, काही साधन लागत नाही. माणसाला डोळे मिटायला सांगायचे आणि आपल्या बोटाच्या टोकाने त्याच्या पायाची सहा बोटे हलकेच शिवायची, प्रत्येकी एक-दोन सेकंद: दोन्ही अंगठे, दोन्ही करंगळ्या, दोन्ही मधली बोटे. दाबायचे नाही, टोचायचे नाही, आणि एका बोटाला एकदाच. पुन्हा शिवायचे नाही. कळले की त्याने उजवा की डावा ते सांगायचे. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळले नाही, तर पाय जपायला हवेत. मी पाहत राहिले. हा तर नमस्कार होता, फक्त सावकाश केलेला.

हे करायला मला इतके दिवस का लागले, कोण जाणे. परवा रविवारी दुपारी आई पलंगावर बसली होती, पाय खाली सोडून, हातात शेंगांचे सूप. मी खाली बसले आणि तिची टाच हातात घेतली. तिने पाय मागे ओढला. चार शेंगा घरंगळल्या.

‘अगं, नमस्कार कर हवा तर. असा पाय काय धरून बसतेस?’

मी तिला सगळे समजावले. तिने सूप बाजूला ठेवले, पदर सारखा केला आणि देवापुढे मिटावेत तसे डोळे मिटले. तिचे तळवे मी असे जवळून कधी पाहिले नव्हते. कातडी चुरगळलेल्या रेशमासारखी, टाचेला आजीच्या मानाने किरकोळ भेगा, जोडव्यांच्या जागी फिकट पडलेली वळी. उजवा अंगठा. ‘उजवा,’ ती लगेच म्हणाली. उजवी करंगळी. ‘उजवा.’ डावा अंगठा. ‘डावा. सुखी राहा. झालं का?’ नाही, म्हटले, थांब जरा. डावी करंगळी, ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘डावा.’ उजवे मधले. ‘उजवा.’ मग मी डाव्या पायाच्या मधल्या बोटावर माझे बोट टेकवले. एक सेकंद, दोन सेकंद. खाली रस्त्यावर रद्दीवाला ओरडत गेला. आईच्या मिटलेल्या पापण्या हलत होत्या.

‘लाव ना हात,’ ती म्हणाली. ‘अशी किती वेळ बसू मी?’